गप्प केलेली वॉर्निंग

३ जानेवारी

ही वही पुरावा म्हणून सुरू करतोय. उद्या प्रकरण वाढलं आणि कुणी विचारलं, तर तारीखवार सांगता यावं. तिऱ्हाइतालाही कळलं पाहिजे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मी चिंतामण, वय सत्तेचाळीस. चिखलीबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि उरलेल्या वेळात कर्नलचं काम करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आम्ही ज्याच्यावर काम करतो त्याचा कोड सगळ्या जगाला खुला आहे. कुणीही दुरुस्ती करून मेलिंग लिस्टवर पाठवावी, त्या भागाच्या मेंटेनरला पटली तर ती आत जाते. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. कोड तपासणारं एक टूल आहे. पॉइंटरचे, म्हणजे मेमरीतल्या जागांचे पत्ते सांगणाऱ्या खुणांचे, प्रकार एकमेकांशी जुळले नाहीत की ते वॉर्निंग देतं. सुरक्षेच्या भागातल्या अशा वॉर्निंग मिटवणं हे माझं काम. अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात ते करणारा मी एकटाच होतो.

होतो, असंच लिहायला हवं. आज सकाळी लिस्टवर एक पॅच आला. पाठवणारी राखी. माझीच विद्यार्थिनी, दोन वर्षांपूर्वी पास झालेली, हिवरा आश्रमाजवळच्या खेड्यातली. आता घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करते म्हणे. आणि फाइल कोणती, तर पासवर्डसारख्या गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या कोडची, जिच्यात दोन वर्षांपूर्वी माझा पॅच गेला आणि पेपरात फोटोसकट बातमी आली, तीच. तिथल्या तीन वॉर्निंग तिनं मिटवल्यात. त्याच तीन मी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ठेवल्या होत्या. हे मी एकदाच बोललो होतो, लॅबमध्ये, दार उघडं असताना. बाहेर निवृत्ती उभा होता.

निवृत्ती म्हणजे आमच्या विभागातला दुसरा ज्येष्ठ. विभागप्रमुखाची जागा पुढच्या महिन्यात भरायची आहे आणि नावं दोनच आहेत, त्याचं आणि माझं.

४ जानेवारी

तिचा पॅच पुन्हा वाचला. काम स्वच्छ आहे, नाही म्हणता येत नाही. पण एक गोष्ट खटकली. माझ्या ओळीच्या वरचं बदललंय, खालचं बदललंय, आणि माझी ओळ जशीच्या तशी सोडलीय. जेवणाऱ्यानं पानातली एकच भाजी बाजूला सारावी, तशी.

का सोडली? काहीतरी ठरवून केलंय.

६ जानेवारी

राखीचे फोन. काल दोन, आज चार. उचलले नाहीत. बोलण्यात काय काढून घेईल सांगता येत नाही. कॉलेजात निवृत्तीनं विचारलं, "राखीचा फोन आला होता का हो तुम्हाला? माझ्याकडून नंबर पडताळून घेतला तिनं." म्हणजे दोघांचं बोलणं आहे. लॅबच्या सर्व्हरचा पासवर्ड बदलला.

८ जानेवारी

एक सापळा लावला. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की, आता मी नेटवर्कच्या भागातली साफसफाई हाती घेतोय. मनात तसं काही नाही. तिला माझं काम पळवायचं असेल तर ती आता नेटवर्ककडे धावेल.

धावली नाही. तासाभरात वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही, फक्त मला: "सर, नेटवर्कचं राहू द्या. आपल्या जुन्या फाइलबद्दल बोलायचं आहे. फोनवरच. लिहून नाही पाठवू शकत."

लिहून का नाही? लेखी काही मागे राहायला नको म्हणून. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

११ जानेवारी

जेवताना परत फोन वाजला. सुलभा म्हणाली, "अहो, उचला ना. पोरगी आठ दिवस मागं लागलीय, काही अडचण असेल."

"अडचण तिला नाही, मला आणायची आहे."

"तुम्हाला आणून तिला काय मिळणार?"

सुलभा शाळेत गणित शिकवते. तिचा माणसांवर विश्वास आहे, कारण तिचा संबंध सहावीच्या मुलांशी येतो.

१४ जानेवारी

संक्रांत. राखीचा मेसेज: "तिळगूळ घ्या सर. एकदा बोला. तुमच्याच हिताचं आहे. माझ्याकडं जास्त दिवस नाहीत."

'तुमच्याच हिताचं आहे.' ही भाषा कुणाची असते, हे मला ठाऊक आहे. उत्तर दिलं नाही. नंबर ब्लॉक केला.

१६ जानेवारी



सकाळी सुरक्षेच्या, मोजक्याच लोकांच्या बंद लिस्टवरून मेल आला. त्या ओळीवर शेवटचा हात माझा म्हणून मला. मेंटेनरनं तीनच वाक्यं लिहिलीत. अमुक ओळीवर पॉइंटरचा प्रकार जबरदस्तीनं बदललेला आहे. त्यामुळे कुठलाही साधा प्रोग्रॅम कर्नलच्या पोटातल्या किल्ल्या वाचू शकतो. सात दिवसांत दुरुस्ती हवी, तोवर बाहेर बोलू नये. कळवणाऱ्याचं नाव नाही. 'एका संशोधकानं कळवलं' एवढंच.

ती ओळ माझ्याच पॅचमधली आहे. पेपरात आला तोच पॅच.

पण मी असं लिहिणार नाही. एकोणीस वर्षं पॉइंटर शिकवतोय. आत घेताना कुणीतरी बदललं असणार. मेंटेनरनं स्वतः, नाहीतर मधल्या कुणी. माझी मूळ प्रत जुन्या लॅपटॉपमध्ये होती, तो कॉलेजनं परत घेतला. कुणाच्या सांगण्यावरून घेतला, हे शोधायला हवं.

आणि 'एक संशोधक' कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

१७ जानेवारी

सकाळी सुलभानं विचारलं, "कालपासून काय झालंय तुम्हाला? मला कळेल असं सांगा."

नाव-गाव न घेता सांगितलं. म्हटलं, तहसीलमधली रेकॉर्डची खोली डोळ्यापुढं आण. आतला कारकून कुठल्याही कपाटापर्यंत जाऊ शकतो. बाहेरचा माणूस खिडकीतून चिठ्ठी देतो, 'अमक्या कपाटातला कागद द्या.' कारकुनानं आधी पाहायचं, ह्या माणसाला तो कागद बघायचा हक्क आहे का. म्हणून बाहेरून आलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर शिक्का असतो, 'बाहेरची'. कारकून म्हणजे कर्नल, चिठ्ठी म्हणजे पॉइंटर. शिक्क्याची चिठ्ठी बिनशिक्क्याच्या गठ्ठ्यात गेली की टूल ओरडतं. त्याला वॉर्निंग म्हणतात. आणि कास्ट केली की ते गप्प बसतं.

"कास्ट म्हणजे?"

"जात नव्हे. 'हिचा प्रकार हा नाही, तो समज' असं दटावून सांगणं."

"म्हणजे शिक्का पुसणं."

"पुसणं नाही. टूल उगाच ओरडत होतं."

"उगाच कशावरून?"

"कारण पुढं ती चिठ्ठी कुणी उघडतच नाही. नुसती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते."

"शेवटच्या टेबलापर्यंत पाहिलं होतं तुम्ही?"

तेवढ्यात तिची शाळेची वेळ झाली आणि विषय तिथंच थांबला.

घड्याळात तेव्हा दहाला वीस कमी होते. ती साडेदहाला निघते. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१९ जानेवारी, रविवार

दुपारी लॅब रिकामी होती. वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. साध्या युजरनं चालवायचा, काही अधिकार नसलेल्या. कर्नलमध्ये एक किल्ली ठेवली, 'चिखली १२३४' अशी. प्रोग्रॅमनं चिठ्ठी द्यायची आणि त्या चिठ्ठीत बाहेरचा पत्ता न घालता कर्नलच्या पोटातला पत्ता घालायचा. चालवला.

पडद्यावर आलं, चिखली १२३४.

परत चालवला. परत तेच. बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो, तिसऱ्यांदा चालवला.

मग लिस्टचं जुनं दफ्तर उघडलं. ते मी सोळा तारखेलाच उघडू शकलो असतो, सगळ्यांना खुलं असतं. माझा मूळ मेल तिथं आहे. कास्ट माझ्या हातची आहे. खाली माझंच वाक्य: 'टूलची निरर्थक वॉर्निंग बंद केली.' मध्ये कुणी काही बदललेलं नाही.

कॉलेजचा मेलबॉक्सही तपासला. त्याच आठवड्यातला एक मेल राखीचा आहे. तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती. "सर, तुमचा पॅच वाचला. ही कास्ट का घातली? खाली तिसऱ्या फंक्शनमध्ये हा पत्ता थेट वाचला जातो असं मला वाटतं. माझं चुकत असेल." त्याला माझं उत्तर: "आधी सिलॅबस पूर्ण कर."

म्हणजे तिला हे दोन वर्षांपासून ठाऊक आहे. दोन वर्षं ती हे जपून आहे, आणि बरोबर विभागप्रमुखाच्या निवडीच्या तोंडावर बाहेर काढलं. समोर जाऊन विचारणार.

२२ जानेवारी

मेहकरच्या गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. हिवरा आश्रमचा महाप्रसाद आजच असतो, हे मी विसरलो होतो. रस्ताभर माणसं. शेतात रांगा धरून बसलेली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पुऱ्या आणि वांग्याची भाजी चाललेली. मला भांडायला जायचं होतं आणि सगळे मला जेवायला बसा म्हणत होते.

तिचं घर गावाच्या टोकाला आहे. अंगणात तिचे वडील पुंजाजी तुरीच्या शेंगा वाळत घालत होते. मी नाव सांगितलं. ते उभे राहिले, पण हात जोडले नाहीत.

"सर, तुमी फोन काऊन नाही उचलला? पोरगी पंधरा दिवसांपासून त्या फोनकडंच पाहून राह्यली. जेवन नाही धड तिचं."

एवढ्यात राखी माडीवरून खाली आली. हडकली आहे. मी बसलोही नाही, सरळ विचारलं, "रिपोर्ट तूच केलास?"

"हाव सर."

"कधी सापडलं तुला?"

"दोन तारखेले. शेजारच्या वॉर्निंग काढता काढता तुमच्या ओळीजवळ आली, न् थांबली. प्रोग्रॅम करून पाह्यला. किल्ली वाचल्या गेली."

"आणि सोळापर्यंत वाट पाहिलीस? चौदा दिवस? कशासाठी?"

ती पायरीवर बसली. "तुमी सांगावं मनून. तुमी सोताच कळवलं असतं तं 'ज्यानं लिहिलं त्यानंच शोधलं' असं झालं असतं. त्याच्यात कमीपना नाही. मनून फोन करून राह्यली होती. चौदाव्या दिवशी मले भ्या वाटलं. एवढ्या दिवसांत कोनी ते भोक वापरलं असलं तं? ते माझ्यावर हाय सर. मले पहिल्याच दिवशी कळवाले पाह्यजे होतं."

मला त्या क्षणी तिचे आभार मानायला हवे होते. मी म्हणालो, "मेसेजमध्ये एवढं तरी लिहायचं होतंस, की ओळीत भोक आहे."

"कसं लिहू? तुमीच शिकवलं, भोक बुजल्याबिगर लेखी कुठं ठेवाचं नाही."

हे मी शिकवलं आहे, खरं आहे.

"रिपोर्टात नाव का नाही घातलंस?"

"तुमाले वाटलं असतं मी उट्टं काढून राह्यली. त्या सिलॅबसच्या मेलचं."

"मला तेच वाटत होतं," मी म्हणालो. बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

पुंजाजींनी शेंगा पसरणं थांबवलं. "आन् आता?"

मी खाली बसलो. पुंजाजींनी जास्त विचारलं नाही. आत जाऊन दोन ताटं आणली. वांग्याची भाजी आणि पुऱ्या, आश्रमातून आलेल्या. जेवलो. भूक लागली होती, हे जेवताना कळलं.

मग माडीवर बसलो. एका बाजूला सोयाबीनची पोती, दुसऱ्या बाजूला तिचं टेबल, खाली बॅटऱ्या. दुपारी लाइन गेली तरी काम चालू राहिलं. मी माझी कास्ट काढली आणि टूल चालवलं. इतके दिवस तिथं एकही वॉर्निंग नव्हती. आता अकरा आल्या. माझ्या एका ओळीखाली अकरा दडल्या होत्या. प्रत्येक एकेका टेबलावरची, बाहेरची चिठ्ठी बिनशिक्क्याची म्हणून घेणारी. त्यांच्यामागून जात राहिलो आणि सातव्यापाशी ते फंक्शन आलं, जिथं चिठ्ठी विचारपूस न करता उघडली जात होती. राखी म्हणाली होती तेच, तिसरं.

पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळीकडे प्रकार बदलला, 'बाहेरची' शिक्का परत लावला, आणि उघडायच्या जागी तपासून आत घेणारं फंक्शन घातलं. मला वाटलं, झालं. ती म्हणाली, "सर, जुन्या प्रोग्रॅमांसाठी दुसरा रस्ता हाय ना? थोही इथंच येते." खरंच येत होता. मला तो दिसला नव्हता. तोही बंद केला. टूल शांत झालं. माझा वीस ओळींचा प्रोग्रॅम चालवला, तर 'परवानगी नाही' असं उत्तर आलं.

साडेचारच्या गाडीनं परत. गाडीत बसल्यावर पहिला विचार हाच आला की, एवढं सगळं करून हिला काय हवंय? हे लिहून ठेवतोय, कारण विचार आला हे खरं आहे.

२३ जानेवारी

पॅचबरोबर काय झालं ते लिहून द्यावं लागतं. मी लिहिलं: 'ही चूक माझ्या पॅचमुळे आली. वॉर्निंग खरी होती, मी ती निरर्थक समजून गप्प केली. त्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीनं मला नेमका हाच प्रश्न विचारला होता. मी तिला उत्तर दिलं नाही.' शोधणारी म्हणून राखीचं नाव घातलं आणि दुसरी नजर म्हणून तिच्याकडं पाठवलं. नंबर अनब्लॉक करून फोनही केला. तिनं पहिल्या रिंगला उचलला.

मेंटेनरकडे तिच्याकडून गेलं.

२५ जानेवारी

भोक बुजलं, आज सगळं जाहीर झालं. वाचायला उघडलं, तर शेवटची दोन वाक्यं गायब. विद्यार्थिनीचं वाक्य कुणीतरी काढून टाकलंय.

कुणीतरी म्हणजे राखीनंच. का काढलं? आपल्याला आधीच ठाऊक होतं हे उघड झालं तर कंपनीत विचारतील म्हणून? की माझ्यावर उपकार करायचे आणि ते कायम डोक्यावर ठेवायचे?

फोन केला. "वाक्यं का काढलीस?"

"चूक कोडची होती सर. ते तेवढं सांगितलं की झालं. बाकीचं आपल्या दोघांतलं हाय."

"ते दोघांतलं नाही," मी म्हणालो. "तेव्हा उत्तर दिलं असतं तर दोन वर्षं भोक राहिलंच नसतं."

ती म्हणाली, "मंग तुमीच लिहा."

लिस्टवर लिहिलं. माझ्या नावानं, चार ओळी. आता ते कुणालाच काढता येणार नाही, मलासुद्धा.

सुलभाला दाखवलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "इंग्रजीत एक शब्द चुकलाय." खरंच चुकला होता.

२८ जानेवारी

आज कॉलेजात सेमिनार. माझ्या भाषणाचा विषय महिनाभर आधी छापला होता: 'जागतिक कर्नलमध्ये चिखलीचं योगदान.' सकाळी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. लिस्टवरचं कुणीतरी त्यांच्यापर्यंत पोहोचवलं होतं. कुणी, ते मी विचारलं नाही.

"सर, कौतुकाचा कार्यक्रम आहे. चुकीचं कशाला? पुढच्या महिन्यात निवड आहे, तुम्हीच विचार करा."

विचार केला. हॉलमध्ये जाऊन पहिल्याच स्लाइडवर ती ओळ दाखवली. कास्ट दाखवली, त्याखालच्या अकरा वॉर्निंग दाखवल्या, सातवी दाखवली. राखीचं नाव सांगितलं. मेलचं सांगितलं, सिलॅबसचंही. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. निवृत्ती हसला नाही, तो लिहून घेत होता. का लिहून घेत होता ते माहीत नाही. प्राचार्य पाणी पीत राहिले. विभागप्रमुखाचं आता काय होणार, हे मला त्यांच्या ग्लासाकडे पाहूनच कळलं.

शेवटी, प्रश्न आहेत का म्हणून विचारलं. नेहमी कुणाचे नसतात. दुसऱ्या रांगेतली काजल उठली, दुसऱ्या वर्षाची, वर्गात कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, "सर, तुमचे बाकीचे पण पॅच आहेत ना? त्याच्यातबी अशा कास्ट आहेत का?"

मला वाटलं, हिला कुणीतरी शिकवून पाठवलंय. पहिल्यांदा रांगेतले चेहरे पाहिले, मग तिचा पाहिला. तिचे कान लाल झाले होते.

"माहीत नाही," मी म्हणालो. "बघू."

प्रोजेक्टर चालूच होता. तिथंच एकेक पॅच उघडत गेलो, ती पुढं येऊन ओळी वाचत गेली. पाचव्यात एक सापडली.

मला अजूनही वाटतं, तिला कुणीतरी शिकवूनच पाठवलं असावं. पण प्रश्न बरोबर होता.